पिन कडक नको, चिवट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाचा हंगाम जवळ आला की आपल्या वाचकांच्या पत्रांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा विषय निघतोच. मागे रिफ्लेक्टर लावा, क्षमतेबाहेर ऊस भरू नका, टेपचा आवाज कमी ठेवा. सगळं रास्त आहे. पण ट्रॉली ज्या एका लोखंडी पिनेने ट्रॅक्टरला जोडलेली असते, त्या पिनेबद्दल कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-गार करून हवं तसं कडक किंवा चिवट करण्याच्या, भट्टीवर ३४ वर्षं काढली. हेल्पर म्हणून लागलो, फोरमन म्हणून बाहेर पडलो. त्या जोरावर हे लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावंच लागलं तर माझ्या नोकरीच्या गोष्टी कापा, वेल्डिंगचा मजकूर तेवढा ठेवा.

गेल्या डिसेंबरात माझा भाचा रात्री आठच्या सुमारास मोटारसायकलवरून गावाकडून शहरात येत होता. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर होता. ओढ्यावरचा पूल ओलांडून चढ लागला आणि मागची ट्रॉली सुटून उलटी घरंगळत आली. पोराने गाडी खाली घातली, गाडी त्याच्या अंगावर पडली, मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ट्रॉली त्याच्या शेजारून शेतात जाऊन कलंडली म्हणून जीव वाचला. त्याच्या जागी मुलंबाळं बसवलेली रिक्षा असती तर, हा विचार अजून रात्री झोपू देत नाही.

ट्रॅक्टरमालक दुसऱ्या दिवशी स्वतःहून दवाखान्यात आला. साधा शेतकरी, ट्रॅक्टरवर कर्ज, उचल घेऊन टोळी आणलेली. हातात खताच्या गोणीचा तुकडा आणि त्यात गुंडाळलेले पिनेचे दोन तुकडे. मला म्हणाला, "काका, माझी चूक नाही बगा. पिन नवीकोरी होती, महिनाबी झाला नव्हता. मिस्त्रीला सांगून चांगली कडक करून घेतलेली. कानस चालत नव्हती तिच्यावर." स्वतःची बाजू मांडायला त्याने जे वाक्य वापरलं, त्याच वाक्यात पिन का तुटली ते सगळं होतं. मी त्याला त्या दिवशी काही बोललो नाही. तुकडे तेवढे मागून घेतले.

घरी आणून ते डिझेलमध्ये मऊ ब्रशने धुतले. तुटलेली दोन तोंडं एकमेकांना लावून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळला पाहिजे. घासली की त्यांच्यावर लिहिलेलं सगळं पुसलं जातं. पिन ३२ मिलिमीटर जाडीची, डोक्याखाली जिथे जाडी एकदम बदलते तिथे सरळ आडवी तुटलेली. कुठे वाकलेली नाही, कुठे ताणलेली नाही. चांगलं पोलाद ओढाताणीत तुटतं तेव्हा तोंड मळकट राखाडी आणि तंतुमय दिसतं, कडेला ओठ निघतात. हिचं तोंड फोडलेल्या खडीसाखरेसारखं दाणेदार, चकाकणारं. उन्हात धरलं तर दाणे वेगवेगळे चमकत होते. आणि एका कडेला, करंगळीच्या नखाएवढी, काळपट तांबूस चंद्रकोर. तिथून निघालेल्या बारीक रेघा पंख्यासारख्या सगळ्या तोंडभर पसरल्या होत्या.

ती चंद्रकोर म्हणजे जुना तडा. तापलेली पिन पाण्यात बुडवली तेव्हाच पडलेला. त्यात आधी पाणी गेलं, मग गंज चढला, मग ग्रीस शिरलं. म्हणजे मिस्त्रीच्या बादलीतून बाहेर निघाली तेव्हाच ती फुटलेली होती. तिने महिनाभर ऊस ओढला हेच नवल. जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर लावली तर ५५ आली. अशा कामाच्या पिनेला २५ ते ३० पुष्कळ झाले.

आपल्याकडे 'कडक' हा कौतुकाचा शब्द आहे. चहा कडक, इस्त्री कडक, साहेब कडक. त्याच सवयीने आपण लोखंडही कडक मागतो आणि कारागीर मागितलं ते देतो. पण कडकपणा एक आणि चिवटपणा दुसरा. ओरखडा पडू न देणं, दबून न घेणं हा कडकपणा. धक्का पोटात घेणं आणि तुटायच्या आधी वाकणं हा चिवटपणा. आपली कडक भाकरी घ्या. आठवडेच्या आठवडे टिकते, पण बोटाने दाबली की कट्‌कन मोडते. तव्यावरून आत्ता उतरलेली भाकरी चार घड्या घालून फडक्यात बांधा, मोडणार नाही. ज्वारी तीच, पीठ तेच. फरक केला तो शेकण्याने. पोलादाचं अगदी असंच आहे. एकाच बारमधून कापलेले दोन तुकडे, एक काचेसारखा फुटेल आणि दुसरा घणाखाली वाकेल; मधल्या एका तासात भट्टीत काय झालं त्यावर ते ठरतं.

ते काय होतं हे थोडक्यात सांगतो. वर्कशॉपमध्ये ज्याला ईएन ८ म्हणतात त्या पोलादात शंभर किलोला जेमतेम चारशे ग्रॅम कार्बन असतो. साधारण ८५० डिग्रीला तापवलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि हा कार्बन मिठासारखा त्यात विरघळतो. सावकाश गार होऊ दिलं तर तो पुन्हा बाहेर पडून आपापल्या जागी बसतो, पोलाद मऊ राहतं. एकदम पाण्यात किंवा तेलात टाकलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि सगळी मांडणी ताणून धरतो. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. सोलापूरकरांना मागाचं उदाहरण लगेच समजेल. ताण्याचे धागे गरजेपेक्षा जास्त ओढून बांधले की हाताला कसे तंग लागतात, पण धोटा चार वेळा गेला की पटापट तुटायला लागतात. त्यात आणखी भर अशी की मार्टेन्साइट होताना पोलाद किंचित फुगतं. बाहेरची साल आधी गार होऊन कडक बसते, नंतर आतला गाभा फुगतो आणि सालीला आतून फाडतो. फाडायला त्याला जागा हवी असते. ती लेथवरच्या टर्नरने डोक्याखाली काटकोन सोडून आधीच तयार ठेवलेली असते. तिथे तीन मिलिमीटरचा गोलवा दिला असता तर कदाचित माझा भाचा त्या रात्री वेळेवर घरी पोचला असता.

माझे वडील सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या लोहारखान्यात होते. शाळकरी असताना मी त्यांचा डबा घेऊन जायचो. बाहेर एप्रिलचं ऊन आणि लोहारखान्यात भर दुपारी अंधार. खिडक्यांना गोणपाट लावलेली. मी विचारलं तर म्हणाले, "उन्हात लोखंड खोटं बोलतं." त्याचा अर्थ मला पुढे भट्टीवर कळला. ८५० डिग्रीचं लोखंड अंधारात छान लालभडक दिसतं, पण सोलापूरच्या उन्हात तेच काळपट, गार झाल्यासारखं वाटतं. मग उघड्यावर भाता मांडून बसलेला कारागीर ते आणखी तापवतो, पार पिवळं होईपर्यंत. तोवर ते हजार-अकराशे डिग्रीच्या घरात गेलेलं असतं आणि आतले दाणे, म्हणजे पोलाद ज्यांचं बनलेलं असतं ते बारीक स्फटिक, फुगून मोठे झालेले असतात. दाणा मोठा झाला की चिवटपणा गेला. बारीक दाण्याच्या पोलादात तडा पुढे सरकायला लागला की दर दाण्याच्या कडेला अडखळतो, वाट बदलतो. मोठ्या दाण्यांत त्याला मोकळं रान. पोलादाची ताकद वाढवणाऱ्या बहुतेक उपायांनी चिवटपणा घटतो. दाणा बारीक ठेवणं हा त्याला अपवाद, त्याने दोन्ही वाढतात. माझ्या भिंगाखाली ते खडीसाखरेसारखे मोठे दाणे दिसले तेव्हा मला मिस्त्रीचा भाता कुठे असेल ते न बघताच कळलं. नंतर जाऊन पाहिलं. रस्त्याकडेला, लिंबाच्या झाडाखाली, निम्मी सावली निम्मं ऊन.

मिस्त्री माणूस चांगला आहे. मी त्याला एक साधा चुंबक नेऊन दिला. लोखंड ७७० डिग्रीला चुंबकाला चिकटायचं सोडतं. चिकटणं थांबलं की अजून जरासं तापवायचं आणि बाहेर काढायचं, एवढं पाळलं तरी पुष्कळ दाणा वाचतो. आणि भात्याच्या तिन्ही बाजूंनी गोणपाट. तो म्हणाला, "आमचा आजापण लावायचा गोणपाट. पण का लावायचा ते नाही सांगितलं कुणी."

आता खरा मुद्दा. पिन पाण्यातून काढली म्हणजे काम अर्धं झालं. उरलेलं अर्धं म्हणजे टेम्परिंग. कडक झालेला माल लाली येण्याच्या खालीच, पण चांगला तापवून, तासभर तरी तिथे धरायचा. ईएन ८ च्या पिनेला ५५० ते ६५० डिग्री. या तापमानाला अडकलेला कार्बन बारीक बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो आणि मांडणीचा ताण सैल होतो. रॉकवेल ५५ वरून तिशीच्या आत उतरतं, आणि गिऱ्हाईक इथेच नाराज होतं, कारण त्याची कानस आता पिनेवर चालायला लागते. ते त्याला 'पाणी उतरलं' असं वाटतं. कोयत्याच्या धारेचं पाणी उतरलं तर तोटा आहे. ट्रॉलीच्या पिनेला धार लावायची नाही.

टेम्परिंग का टाळू नये हे मी स्वतःच्या हाताने शिकलो. १९८४ साल, शनिवारची संध्याकाळ. साखर कारखान्याच्या ऊस कॅरिअरच्या साखळीच्या पिना आम्ही तेलात मारून काढल्या आणि लाईट गेली. टेम्परिंगची भट्टी विजेची. वाट बघून बघून मी पिना तारेच्या पेटीत तशाच ठेवल्या, सोमवारी सकाळी पहिल्यांदा हाच चार्ज लावू म्हटलं. सोमवारी रखवालदार म्हणाला, "तुमच्या पेटीतून रात्रभर टिक-टिक आवाज येत होता." त्याला उंदीर वाटले होते. त्या पिना फुटत होत्या. कोणी हात न लावता, काही वजन नसताना, आतल्या ताणानेच. आमच्या फोरमनने मला ओरडलं नाही. रॉकेल आणि खडूची पूड दिली, एकेक पिन तपासून फुटलेल्या बाजूला काढायला लावल्या. जवळजवळ तिसरा हिस्सा निघाला. तेव्हापासून मी रिटायर होईपर्यंत कडक केलेला माल टेम्पर केल्याशिवाय घरी गेलो नाही.

पुढे कधीतरी आम्ही एकाच बारचे दोन नमुने पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये चार्पी मशीनवर नेले होते. दहा बाय दहा मिलिमीटरचा, ५५ मिलिमीटर लांबीचा तुकडा, मध्ये दोन मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच. घड्याळाच्या लोलकासारखा झुलणारा जड हातोडा वरून सोडायचा आणि तुकडा तोडून तो पलीकडे किती वर जातो ते बघायचं. जितका कमी वर गेला तितकी ताकद तुकड्याने खाल्ली. नुसता पाण्यात मारलेला तुकडा 'टिक' करून गेला, हातोडा मध्ये काही नव्हतंच असा पलीकडे चढला. ६०० डिग्रीला टेम्पर केलेला तुकडा वाकला, अर्धवट फाटला आणि हातोड्याला लोंबकळत ओढला गेला. आमच्यातल्या ज्या ज्या पोरांनी ते पाहिलं, त्यांना मला पुन्हा टेम्परिंग समजवावं लागलं नाही.

एक सूचना कारागिरांसाठी. छन्नीला आपण रंग बघून टेम्पर करतो, पिवळा, तपकिरी, जांभळा. छन्नीला ते ठीक. पण पिन निळी झाली की झालं टेम्परिंग असं समजू नका. तो रंग ३०० डिग्रीच्या आसपास येतो, आणि साधारण २५० ते ४०० हा पट्टा फसवा आहे: कडकपणा उतरतो, पण चिवटपणा वाढायच्या ऐवजी उलट घटू शकतो. त्याच्या बरंच वर जायला हवं, जिथे अंधारात जेमतेम तांबूस आभास होतो. निकेल-क्रोम असलेल्या पोलादाला टेम्परिंगनंतर राखेत सावकाश गार करत बसू नये, हेही त्यातलंच. ३७५ ते ५७५ डिग्रीच्या टप्प्यात ते रेंगाळलं की फॉस्फरस, कथील यांसारखी अशुद्धता दाण्यांच्या कडांवर जमते आणि पोलाद कडाकडांनी सुटतं. ईएन २४ या निकेल-क्रोम पोलादात पाव टक्का मॉलिब्डेनम असतं, त्याचं एक काम हे थोपवणं आहे.

आता पोलाद कोणतं. आमच्या ट्रॅक्टरमालकाची पिन जुन्या एक्सलमधून काढलेली होती. दुसऱ्या एखाद्याची कमानपाट्याची असते, तिसऱ्याची भंगारात मिळेल त्या बारची. आणि सगळ्यांना एकच पाणी. हे म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकच औषध. कमानपाट्यात कार्बन अर्धा टक्क्याच्या वर आणि वरून दीड-दोन टक्के सिलिकॉन; त्याला तेल लागतं, पाण्यात तडकतो. त्याचे कोयते करा, उत्तम होतात. बेअरिंगच्या पोलादात, ईएन ३१ मध्ये, एक टक्का कार्बन. ते गोळ्यांसाठी आहे, धक्क्याच्या कामाला त्याचं नाव काढू नका. कार्बन जितका जास्त तितका कडकपणा जास्त आणि चिवटपणा कमी, हा ढोबळ नियम लक्षात ठेवला तरी पुरे. भंगारातला बार कशाचा हे कळायला ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या बघाव्यात. कमी कार्बनच्या ठिणग्या लांब, सरळ, फांद्या थोड्या. कार्बन वाढला की त्या जवळच फुटतात, फुलबाजीसारख्या दाट. अंधाऱ्या कोपऱ्यात, शेजारी माहितीतला एक तुकडा धरून बघितलं तर डोळा लवकर बसतो.

पोलादात आणखी दोन शत्रू असतात, गंधक आणि फॉस्फरस. गंधकामुळे लाल तापलेलं लोखंड घणाखाली चिरतं. मँगनीज त्याला धरून ठेवतं म्हणून ते मुद्दाम घालतात. फॉस्फरसमुळे गार लोखंड ठिसूळ होतं. भंगार वितळवून इंडक्शन भट्टीत जे पोलाद होतं, त्यातून फॉस्फरस काढणं अवघड जातं. आत गेलेला बहुतेक आतच राहतो. घर बांधणाऱ्यांनी सळईवर ५००डी लिहिलेलं पाहिलं असेल. त्या 'डी'चा एक अर्थ हाच आहे: साध्या ५०० मध्ये गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतं, डी मध्ये ०.०४० च्या पुढे नाही. सळईला आपण हे विचारायला लागलो. पिनेच्या बारला टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर (बार भट्टीच्या कोणत्या घाण्यातला ते सांगणारा आकडा) मागणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही, आणि दोन ट्रॉल्यांचा वीस टनांच्या घरातला ऊस त्या बारवर असतो.

कोणी म्हणेल, मग साध्या एम.एस.ची, म्हणजे कमी कार्बनच्या पोलादाची, मऊ पिन घालू. सापडलीच तर फुटक्या कडक पिनेपेक्षा मी तीच घालीन. ती झिजेल, वाकेल. वाकलेली पिन सकाळी जोडताना ड्रायव्हरला दिसते. ठिसूळ पिनेचं पहिलं दर्शन मागून येणाऱ्याला होतं. पण मऊ पोलादही नेहमी वाकतंच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने वेल्डिंग करून बांधलेली जहाजं साध्या मऊ पोलादाची होती. १६ जानेवारी १९४३ ला स्कनेक्टडी नावाचं तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असताना मधोमध तडकलं. थंडी होती, आणि पोलाद त्या थंडीला खाचेपाशी ठिसूळ होणारं होतं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या संशोधक बाईंनी अशा जहाजांचं पोलाद तपासून दाखवलं की दोष नुसत्या वेल्डिंगचा नाही, पोलादाचाही आहे. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही. पण डोक्याखालचा काटकोन आणि घाईचं वेल्डिंग या दोन्ही गोष्टी आपल्या प्रत्येक ट्रॉलीवर हजर आहेत.

वेल्डिंगबद्दल म्हणूनच आवर्जून सांगतो. पिन फिरू नये म्हणून डोक्याला पट्टी वेल्ड करतात, काढायला सोपी जावी म्हणून कडी वेल्ड करतात, झिजली की वेल्डिंग भरून पुन्हा गोल करतात. करणाऱ्याला वाटतं आपण जोड दिला. होतं असं की वेल्डिंगच्या कडेचा पट्टा लालबुंद होतो आणि बाजूचं जाड गार लोखंड त्याची उष्णता क्षणात ओढून घेतं. पाण्यात बुडवल्यासारखंच झालं. तिथे तोच ठिसूळ मार्टेन्साइट, बिनटेम्परिंगचा, आणि नेमका डोक्याखाली, जिथे सगळ्यात जास्त ताण येतो. दमट रॉड वापरला असेल तर त्यातला हायड्रोजन आत शिरतो आणि तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडतो. वेल्डर तोवर पैसे घेऊन मोकळा. ईएन ८, ईएन ९ किंवा एक्सलच्या पिनेला वेल्डिंग करूच नये. कडी हवी तर भोक पाडून तारेची घालावी. झिजलेली पिन भरू नये, भंगारात टाकावी.

चकचकीत झिंकच्या पिनांचंही तसंच. मुलाम्याआधी आम्लात धुताना आणि मुलामा चढताना हायड्रोजन आत जातो. पिन मऊ असेल तर फारसं बिघडत नाही. चाळीस रॉकवेलच्या वरची असेल आणि मुलाम्यानंतर लगेच दोनशे डिग्रीला काही तास भाजलेली नसेल तर ती उभ्या उभ्या तुटू शकते. चमक बघून पिन घेऊ नका.

माझं मागणं साखर कारखान्यांकडे आहे. हंगामाआधी वाहनमालकांशी करार होतात, तेव्हा ट्रॅक्टरची कागदपत्रं बघता तशा पिना बघा. कारखान्यांकडे वर्कशॉप आहे, जाणकार इंजिनिअर आहेत. एका जातीचा बार सर्टिफिकेटसह घ्या, डोक्याखाली गोलवा देऊन लेथवर काढा, चांगल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडून हार्डनिंग-टेम्परिंग करून २५ ते ३० रॉकवेलवर शिक्का मारा आणि मालकांना विकत द्या. ईएन १९ किंवा ईएन २४ घेतलं तर उत्तमच, कारण क्रोम-मॉलिब्डेनममुळे जाड पिन गाभ्यापर्यंत सारखी तयार होते. हीट ट्रीटमेंटचे पैसे किलोवर होतात आणि अशी पिन भरते सव्वा किलो. शिवाय प्रत्येक जोडाला पिनेबरोबर एक सुटी साखळी बांधायची सक्ती करा, म्हणजे पिन गेलीच तरी ट्रॉली रस्ता सोडून पळणार नाही. पॉलिटेक्निकच्या मुलांना तुटलेल्या पिना प्रोजेक्टला द्या, चार्पी मशीन धूळ खात असतं.

आणि शेतकरी बंधूंनो, पिन घेताना कानस जरूर लावून बघा. काचेवरून सरकावी तशी सरकली तर ती पिन घेऊ नका. थोडी चावली पाहिजे.

भाचा आता काठीशिवाय चालतो. ऑपरेशननंतर आठवड्याने त्याने मला हळूच विचारलं होतं, "मामा, मांडीतला हा रॉड तर असा कट्‌कन नाही ना मोडणार?" डॉक्टरांनी ३१६एल सांगितलं होतं. त्याला म्हटलं, यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत, क्रोमियम सोळा-अठरा टक्के, निकेल दहाच्या वर. हे पाण्यात मारून कडक होतच नाही. अंगावर जोर आला तर आधी वाकेल. फक्त हाड जुळेपर्यंत डॉक्टर सांगतील तेवढाच भार टाक, कारण रोज हजार वेळा वाकवलं तर चिवट पोलादही थकतं. त्याने मान डोलावली आणि मग म्हणाला, "त्या ट्रॅक्टरवाल्याची दुसरी ट्रॉली कशावर आहे आता?" मी त्याच संध्याकाळी जाऊन बघून आलो. तीही तशीच कडक होती. काढून घेतली, बदलून दिली.

दोन्ही पिना माझ्या टेबलावर आहेत. कोणाला आपली पिन दाखवायची असेल तर रविवारी सकाळी माझ्याकडे घेऊन यावी, भिंग, कानस आणि चुंबक आहे. पैसे नाहीत. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्याला कृपया सांगावा.

आपला वाचक,
निवृत्त फोरमन (हीट ट्रीटमेंट), सोलापूर